भागूच्या वाटची ओळ

वाचनालयात बसलो की कुणीतरी विचारतंच, "नाना, सध्या काय वाचताय? काय ऐकताय?" निवृत्त कारकुनाला विचारण्यासारखं दुसरं काही उरत नाही, त्यामुळे मी रागावत नाही. वाचतो चेटकिणींच्या कादंबऱ्या. आमच्या शिरूरच्या वाचनालयात त्यांचं अख्खं कपाट आहे आणि ते मी दोनदा उपसलं आहे. चेटकिणींबद्दल मला आदर आहे. त्या वेळेवर येतात, हाती घेतलेलं काम पुरं करतात आणि शेवटच्या प्रकरणात मुकाट्याने जळून जातात. मामलेदार कचेरीत एवढी वर्षं काढली, तिथे असं कुणी भेटलं नाही.

ऐकणं मात्र बंद केलं आहे. रेडिओसुद्धा देऊन टाकला. का, ते सांगतो. वीज गेलीच आहे, तर कंदील जरा जवळ ओढा.

कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर आनंदराव बसत. वयाने माझ्यापेक्षा बरेच लहान, पण वेड तेच. चेटकिणीची नवी कादंबरी आली की आधी घरी कोण नेणार यावरून आमची भांडणं होत. त्यांना आणखी एक वेड होतं, गाण्याचं. घरी तबकड्यांची चवड होती. त्यात आणीबाणी उठली त्या वर्षी आखातातल्या मेहुण्याने कॅसेट रेकॉर्डर पाठवला आणि गृहस्थ हाताबाहेरच गेले. मोटेचा आवाज टेप कर, मामलेदारसाहेबांचं घोरणं टेप कर. अशात कोंडिबा शिपायाने त्यांना सांगितलं, की दौंड तालुक्यात खुटबावला त्याची मावशी आहे, सोजराबाई. तिच्या जात्यावरच्या ओव्यांत जखिणी आहेत, शेतांमधल्या पांदीत उभ्या राहणाऱ्या बाया आहेत. अशा ओव्या आता कुणी गात नाही. गिरणी आल्यावर जात्यावर बसतंय कोण?

"नाना, गाणंही आणि चेटकीणही," आनंदराव म्हणाले. "एकाच कॅसेटवर! चला रविवारी."

मी एकटा माणूस. मला रविवार आणि सोमवार यांत फरक नव्हता. गेलो.

न्हावऱ्यावरून भीमा ओलांडून एसटी चौफुल्याला पोचली, तिथून आणखी एक गाडी आणि मग पायपीट. गुऱ्हाळं चालू होती. काकवीचा गोड, जड वास सगळ्या रस्त्यावर बसला होता. सोजराबाईचं घर गावाबाहेर, कालव्याच्या अंगाला. बाई वाळलेली, पण डोळे तरतरीत. आनंदरावांनी चेटकिणींच्या ओव्या हव्यात म्हणून सांगितलं, तेव्हा ती हसली.

"शिकल्यालं मानूस चेटकिनी हुडकत एवढ्या लांब आलं व्हय? घरची बाई बरी हाय ना?"

"बरी आहे," आनंदराव म्हणाले. "गाते पण छान."

"मंग तिलाच टेप करायची की."

बोलत बोलत तिने पदर खोचला, जात्याशी बसली, ज्वारीचा घास टाकला आणि खुंटा धरून गायला लागली. आवाज चिरका, पण सूर पक्का. ती एक ओळ म्हणे आणि थांबे. जातं मात्र घरघरत राही. मग पुढच्या ओवीची पहिली ओळ. पुन्हा थांबे. आनंदराव खुणेने विचारू लागले, दुसरी ओळ कुठे आहे? तिने मानेनेच गप्प केलं.

संपल्यावर सांगितलं. जात्याला बाया दोन बसतात, समोरासमोर. एकीने ओवी उचलायची, दुसरीने पुरी करायची. समोर तिची जाऊ बसायची, भागूबाई. बहात्तरच्या दुष्काळात गेली, खडी फोडायच्या कामावर.

"घरात दाना नव्हता, तरी पहाटं जात्यापुढं बसायची," सोजराबाई म्हणाली. "रिकामं फिरवायची. मी म्हनलं, बया, रिकामं जातं फिरवू न्हाई. तर म्हनं, फिरवू दे, नाईतर हात इसरल. तशीच गेली. आता तिच्या वाटची वळ मी मोकळी सोडती. ती जागा तिची हाय."

"पण दुसऱ्या ओळी तुम्हाला येतात ना?" आनंदरावांनी विचारलं. "तेवढ्या म्हणा, ओव्या अर्ध्या राहतील."

"न्हाई म्हनायच्या. वळ पुरी केली म्हंजी तिच्या जागी बसली. तिथं बसायला मी बी भ्येती."

एसटीत आनंदराव चिडचिडले. एवढी दगदग केली आणि हाती आल्या अर्ध्या ओव्या. मी म्हटलं, कचेरीत अर्धी टिपणं चालतात, मग ओव्या का नाहीत? ते हसले नाहीत.

त्यांच्या पत्नी, म्हाळसा वहिनी, पुण्यात वाढलेल्या. त्यांनी जातं पाहिलं असेल तर प्रदर्शनात. दळण गिरणीतून येई. पण कान तयार होता आणि सूर गोड. ती कॅसेट घरात सारखी वाजायची. एकदा मी चहाला बसलो होतो. टेपमधून सोजराबाईचा आवाज आला.

*पांदीच्या वळनाला उभी कोन गं एकली...*

मग नुसती जात्याची घरघर. आणि स्वयंपाकघरातून वहिनींनी, भांडी विसळता विसळता, सहज गळ्यात आल्यासारखी ओळ म्हटली.

*दाना सरला तरी बाई, हिनं पाठ न्हाई टेकली.*

"वा!" आनंदराव म्हणाले. "ही तू रचलीस?"

"नाही हो. कानावर होती," वहिनी म्हणाल्या. "टेपमध्येच आहे ना?"

टेपमध्ये नव्हती. आनंदराव खूश झाले, ओव्या पुऱ्या होत होत्या. पाहुणे आले की टेप लावायची आणि वहिनींना ओळी भरायला सांगायचं, असा कार्यक्रमच झाला. मला ते आवडलं नाही, पण मला कचेरीतलंही पुष्कळ आवडत नव्हतं.

पावसाळ्याच्या सुमाराला वहिनी खंगायला लागल्या. दुखणं काही नव्हतं, फक्त थकवा. सकाळी उठत त्या दमलेल्याच. खांदा भरून आलेला, कंबर धरलेली. डॉक्टरांनी टॉनिक दिलं. सरकारी माणसाला कुठल्याही आजारावर टॉनिकच देतात. एक दिवस आनंदराव टेबलाशी आले आणि हळूच म्हणाले, "नाना, तिचे हात बघायला या."

वहिनींनी ओंजळ पुढे केली. उजव्या तळव्यावर, बोटांच्या मुळाशी, जाड पिवळे घट्टे. तसे घट्टे मी फक्त सोजराबाईच्या हाताला पाहिले होते.

"झोपेत मी कुठे जाते, कळत नाही," वहिनी म्हणाल्या. आवाजात भीतीसुद्धा नव्हती, इतक्या त्या दमल्या होत्या. "खूप काम असतं. संपतच नाही... आणि समोरचं माणूस दिसत नाही."

आनंदरावांनी त्याच संध्याकाळी कॅसेट पुसली. काही फरक पडला नाही. टेप नसतानाही वहिनी मधूनच थांबत, कान देत, आणि ओळ पुरी करत. मग त्यांनी जेवण सोडलं. मनगटातून बांगड्या निसटायला लागल्या. आनंदराव म्हणाले, "नाना, दिवाळीपर्यंत ही राहत नाही. चला."

पुन्हा खुटबाव. भर दुपार, वारा पडलेला, गुऱ्हाळं बंद. सोजराबाई दारातच बसली होती. आनंदरावांनी सगळं सांगितलं आणि शेवटी ती ओळ म्हणून दाखवली. सोजराबाईचा चेहरा उतरला.

"ही भागूची हाय... तिनंच जोडली व्हती. माज्याबिगर कुनाला ठावं न्हाई." मग ती एकदम चिडली. "तुमाला सांगितलं व्हतं! मोकळी सोडा म्हनलं व्हतं! बाईमानसाला पुढं बसवून गावभर वाजवलं?"

"चुकलं," आनंदराव म्हणाले. "आता उपाय सांगा."

"उपाय कसला. बसल्यालीनं उठायचं, तर दुसऱ्या कुनीतरी बसाय लागतं." तिने माझ्याकडे पाहिलं, मग नजर फिरवली. "मी न्हाई बसायची. माजी सून गरवार हाय, तिला बसू द्यायची न्हाई."

"मी बसतो," आनंदराव म्हणाले.

"पुरुष मानूस? जात्यावर?"

"चालत नाही?"

सोजराबाईने आत जात्याकडे पाहिलं. "भुकेल्याला काय... कुनी बी चालतंय."

मी त्यांना बाहेर ओढलं. म्हटलं, आनंदराव, वहिनींना पुण्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवू, हा काय पोरखेळ. ते म्हणाले, "नाना, कादंबरीत असं कुणी म्हणालं की तुम्ही म्हणता, हा मूर्ख आहे, आता हा बायको घालवणार." आणि ते परत आत गेले.

ते मांडी घालून जात्याशी बसले. सवय नव्हती, गुडघे आडवे येत होते. एरवी मी हसलो असतो. सोजराबाईने खुंट्याला हात लावला.

"घास?" मी विचारलं. सुपात धान्य होतं.

"तिला दाना लागत न्हाई."

रिकामं जातं फिरलं. दगडावर दगड घासल्याचा तो आवाज दाढेत जातो. सोजराबाईने पहिली ओळ म्हटली आणि थांबली. नुसती घरघर. आनंदरावांना गळा नव्हता. ते ऐकणारे, गाणारे नव्हेत. त्यांनी डोळे मिटले, आणि अगदी सुरात, बारीक आवाजात, दुसरी ओळ म्हटली. सोजराबाईच्या हाताखाली खुंटा थरथरत होता. मग तिने आपला हात काढून घेतला, तोंडाला पदर लावला.

जातं थांबलं नाही. आनंदरावच फिरवत होते, असं मी स्वतःला सांगितलं.

शिरूरला आलो तेव्हा वहिनी गाढ झोपल्या होत्या. शेजारीण म्हणाली, दुपारपासून झोपल्यात, उठवू नका. आनंदरावांनी त्यांचा तळवा उघडून पाहिला. घट्टे होते, पण मऊ पडले होते, जुन्या जखमेसारखे. ते तिथेच जमिनीवर बसले आणि पोरासारखे रडले. आठवड्याभरात वहिनी हिंडूफिरू लागल्या. अंग भरलं. गाणं तेवढं सोडलं.

त्यानंतर मी निवृत्त झालो. सोजराबाई वारल्याचं कोंडिबाने सांगितलं. आनंदरावांकडे जाणं कमी झालं. खरं सांगायचं तर मी टाळत होतो. गेल्या महिन्यात रस्त्यात वहिनी भेटल्या, ओढून घरी घेऊन गेल्या. आनंदराव खाटेवर पडलेले होते. मी ओळखलं ते चष्म्यावरून. अंगावर सदरा टांगल्यासारखा, कातडी पांढरट, कोरडी. हसले, पण उठले नाहीत. चादरीवर पडलेल्या उजव्या तळव्यावर जाड पिवळे घट्टे होते.

"दमायला होतं, नाना," म्हणाले. "रजा टाकलीय."

वहिनींनी आग्रहाने जेवायला बसवलं. पिठलं आणि गरम भाकरी. भाकरी इतकी शुभ्र आणि हलकी, की मी सहज म्हटलं, "गिरणी बदलली वाटतं."

"गिरणीत नाही जात आता," वहिनी तव्याकडे बघत म्हणाल्या. "सकाळी उठते तेव्हा परातीत ताजं पीठ असतं. रोज."

"कुठून येतं?"

"यांना विचारलं, तर म्हणतात, टाकून देऊ नकोस." त्यांनी भाकरी उलटली. "अन्न आहे, भाऊजी. टाकायचं कसं? आणि अंगाला लागतं बघा. मी कशी होते, आठवतं ना तुम्हाला?"

आतून खाट करकरली. मी ताटाकडे पाहिलं. एक भाकरी खाऊन झाली होती, दुसरी मोडलेली होती. ज्वारीची नव्हती. बाजरीची नव्हती, तांदळाची नव्हती. एवढ्या वर्षांत खाल्लेल्या सगळ्या धान्यांची चव मी जिभेवर आठवून पाहिली, त्यात ही नव्हती.

"वाढू आणखी?" वहिनी म्हणाल्या. "आज खूप आहे."