उलट्या पंख्याखाली

तो आला तेव्हा मी स्टुलावर उभी होते आणि भयंकर चिडले होते. भाईंदर पूर्वेला नवघर रोडवरच्या एका सोसायटीचा हॉल आम्हाला दर रविवारी अकरा ते एक मिळतो. मे महिना, मधला पंखा बंद, आणि दहाला येतो म्हणालेल्या इलेक्ट्रिशियनचा पावणेअकरापर्यंत पत्ता नव्हता. दारात चौकड्यांचा शर्ट घातलेला एक उंच माणूस दिसला आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. ही काय यायची वेळ झाली, पंखा हा इथे आहे, मला पाच मिनिटांत चालू हवाय.

तो काहीतरी बोलणार होता... बोलला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं आणि बाह्या दुमडल्या.

"स्टूल धरता का?" एवढंच म्हणाला.

मी खाली उतरून धरलं. वॉचमनने नवा कंडेन्सर आणून ठेवलाच होता. दहा मिनिटांत पंखा गरगरायला लागला, पण वारा काही येईना. वर बघितलं तर पाती उलटी फिरत होती.

"हे काय केलंत?"

"फिरतोय ना," तो म्हणाला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

तेवढ्यात हातात पिशवी घेऊन खरा इलेक्ट्रिशियन आला.

आता तुम्हाला सांगायला हवं की आमचा 'ओटा' हा गट आहे तरी काय. ज्यांच्या घरात कुणाला मनाचा आजार आहे, अशा घरच्यांसाठीचा हा गट. पेशंटसाठी डॉक्टर असतात, त्याच्यामागे धावणाऱ्यांसाठी आम्ही. मी सहा वर्षं इथली गटप्रमुख. पगार नाही, मानधन नाही. आठवडाभर शाळेत भूगोल शिकवायचा आणि रविवारी भाईंदर पश्चिमेहून इकडे यायचं. पहिल्यांदा येणारा माणूस इथे हमखास थाप मारतो. एकाने हॉलचं भाडं विचारलं होतं, एक बाई सोसायटीच्या सेक्रेटरीला शोधत होत्या. पण लाजेपायी थेट पंखा दुरुस्त करायला चढलेला हा पहिलाच. हा स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात डाय, म्हणजे भांड्यांचे साचे, बनवायचा, पंखा त्याने जन्मात उघडला नव्हता. आपल्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, हे तोंडाने म्हणण्यापेक्षा त्याला पंखा सोपा वाटला.

माणसं जमायला लागली होती, आणि गट बसला की परका माणूस खोलीत ठेवायचा नाही असा नियम आहे. म्हणून मी इलेक्ट्रिशियनला परत पाठवलं. पंखा सरळ करायचं मग राहूनच गेलं.

आमच्याकडे ओळख करून द्यायची एक पद्धत आहे. घरात आजारी माणूस असला की हळूहळू त्याचं नाव घ्यायचं बंद होतं. 'तो' म्हणतात, 'त्याचं ते' म्हणतात. म्हणून ओट्यावर त्याचं नाव आधी घ्यायचं आणि आपण त्याचे कोण ते सांगायचं. स्वतःच्या नावाची सक्ती नाही, त्यामुळे ते सहसा कुणी सांगतही नाही. मी उत्तमरावांची मुलगी. बाबांना बायपोलर आहे, मी दहावीत होते तेव्हापासून. त्या रविवारी गोलात शेवटच्या खुर्चीवर बसून तो सगळ्यांत शेवटी म्हणाला, "मी दिपेशचा भाऊ." माझ्या डोक्यात मात्र तो पंखेवालाच राहिला.

पुढच्या रविवारी तो आईला बाइकवर बसवून घेऊन आला. नवघर गावातली जुनी आगरी मंडळी, आजोबांच्या वेळेपर्यंत मिठागरावर राबलेली. आई सात रविवार पदराचं टोक बोटाला गुंडाळत नुसती बसून राहिली. आठव्या रविवारी एकदम बोलली. "माजा दिपेश लय हुशार हाय. लोकं बोलतात बाईरचा लागलाय. त्याला कोन हाक मारत न्हाय आता." मग ती तासभर बोलत होती, आणि कुणी मध्ये तोंड घातलं नाही. आटोपल्यावर तिने घसा खाकरून पाणी मागितलं. तिच्या मुलाने ग्लास आणून दिला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी पटकन बिस्किटांचा पुडा फोडायला घेतला.

मग काय, रविवार जरा लवकर यायला लागले. तो अर्धा तास आधी येऊन खुर्च्या लावायचा. खुर्च्या गोल नाहीत, अंड्यासारख्या लागल्यात, असं मी म्हणायचे. तो म्हणायचा की डायचं काम करणाऱ्याला गोल शिकवू नका, भूगोल शिकवा. मला हसू यायचं आणि ते लपवायला मी वॉचमनवर ओरडायचे. शनिवारी रात्री उद्या कोणता ड्रेस घालायचा याचा मी विचार करते, हे लक्षात आल्यावर माझी मलाच लाज वाटली.

जुलैतल्या एका शनिवारी दुपारी गटाच्या फोनवर पंखेवाल्याचा फोन आला. ओट्याचा एक वेगळा फोन आहे, तो गटप्रमुखाकडे असतो. दिपेशने तीन दिवसांपासून खोलीचं दार लावून घेतलं होतं, गोळ्या बंद, जेवण दारातूनच परत. मी जे सगळ्यांना सांगते तेच त्याला सांगितलं. वाद घालू नका, दार वाजवू नका, बाहेर जमिनीवर बसा आणि साध्या गोष्टी बोला. त्याने विचारलं, साध्या म्हणजे कसल्या? म्हटलं, सुचेल ते.

तो बसला. फोन त्याने बाजूला ठेवला असावा आणि बंद करायला विसरला. मी ठेवून द्यायला हवा होता... नाही ठेवला. बाहेर पाऊस पडत होता आणि मी वह्यांचा गठ्ठा मांडीवर घेऊन तशीच ऐकत राहिले. आधी मिठागरातल्या गोष्टी झाल्या, आजोबांनी दोघांना मिठाच्या ढिगावरून घसरताना पकडलं तेव्हाची. मग कारखान्यातल्या. मग त्याच्याकडच्या गोष्टी संपल्या.

"एक बाई आहे रे," तो म्हणाला. "भूगोल शिकवते. सगळ्यांचं ऐकून घेते, सगळ्यांना चहा देते आणि स्वतःचा गार करून पिते. दर रविवारी ठरवतो, म्हणायचं, आधी तुम्ही घ्या. जमतच नाही. रविवारची वाट बघतो मी. तुझ्यासाठी बघतो का तिच्यासाठी, आता मलाच कळत नाय."

दाराआडून तीन दिवसांत पहिल्यांदा आवाज आला. "दिसायला कशीय?"

"चांगली आहे. चिडली की जास्त चांगली."

तेव्हा कुठे मी फोन ठेवला. माझे गाल तापले होते. सातला त्याचा मेसेज आला, दार उघडलं, भात खाल्ला, गोळी घेतली. मी एकटीच घरात हसत होते. बाबांनी विचारलं, काय झालं गं? म्हटलं, काही नाही, एकाच्या घराचं दार उघडलं.

पण हॉलच्या भिंतीवर एक तक्ता आहे. त्यावर आमचे नियम आहेत आणि अक्षर माझं आहे. नियम चौथा : गटप्रमुखाने गटातल्या कुणाशीही खासगी जवळीक करू नये. चार वर्षांपूर्वी आमचा एक कार्यकर्ता आणि एका पेशंटची बहीण यांचं जुळलं आणि तुटलं. दोघांचीही घरं गटात यायची बंद झाली, त्या पेशंटच्या गोळ्या सुटल्या आणि शेवटी त्याला हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. त्या रात्री मी तो नियम लिहिला होता.

दिपेशने दार उघडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्याने सगळ्यांच्या आधी चहाचा कप माझ्यापुढे धरला. मी घेतला नाही. गट सुटल्यावर त्याला जिन्यात गाठलं.

"काल फोन चालू राहिला होता," मी म्हटलं. "मी ऐकलं."

तो कठडा धरून उभा राहिला. "कुठपर्यंत?"

"'चिडली की'पर्यंत."

"मग?"

"मग नियम चौथा," मी म्हटलं. माझा आवाज वर्गातल्यासारखा येत होता. तो आत गेला, तक्त्यासमोर उभा राहून नियम नीट वाचला, मान हलवली आणि आईला घेऊन निघाला.

पुढच्या रविवारी दोघं आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या रविवारी मी न राहवून फोन केला. तो शांतपणे म्हणाला की मी गट सोडला. आता मी सदस्य नाही, म्हणजे तुमचा नियम मला लागू नाही, म्हणजे आता विचारलं तर चालेल... इतकं सरळ गणित त्याने मांडलं होतं. मी आईंचं विचारलं. त्याने खरं ते सांगितलं. आई पुन्हा गप्प झाली होती. एकटी यायला घाबरत होती, आणि त्याला येता येत नव्हतं.

मी जाम संतापले. म्हटलं, आठ आठवड्यांनी त्या बाईला कंठ फुटला होता, तो तुम्ही माझ्यापायी पुन्हा बंद केलात? मला असलं प्रेम नको. तो म्हणाला, मग काय करू, सांगा. मी म्हटलं, येत्या रविवारी आईंना घेऊन या, नियमाचं माझ्यावर सोडा.

तो आठवडा मी धड जेवले नाही. खरं सांगते, तो हवा होता, पण खुर्चीही सुटत नव्हती. घरात बाबांच्या आजारातलं काहीच माझ्या हातात नव्हतं. कधी ते रात्रभर घर आवरत, कधी महिनाभर पलंग सोडत नसत. ओट्यावर मात्र सगळं माझ्या हातात होतं. किती वाजता सुरू, कोण आधी बोलणार, बिस्किटं कुठली. ते सोडलं तर मी कोण, हा प्रश्न होता. आणि माझ्याशिवाय गट चालायचा नाही, हेही मी धरूनच चालले होते. आमच्या गटातल्या मृणालिनीताईंनी दोन वर्षांपूर्वी ठाण्याला सहा शनिवार जाऊन गट चालवायचं पूर्ण प्रशिक्षण घेतलं होतं. त्यांचा मुलगा बारा वर्षं आजारी आहे, त्यांना माझ्यापेक्षा जास्तच कळतं. आणि दोन वर्षं मी त्यांना काय दिलं, तर बिस्किटं आणायचं काम. हे शुक्रवारी रात्री लक्षात आलं आणि मी स्वतःलाच दोन शिव्या घातल्या.

रविवारी सगळे बसल्यावर मी गटाचा फोन मृणालिनीताईंच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, आजपासून गटप्रमुख मृणालिनीताई. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग कारणही सांगून टाकलं, कारण ओट्यावर खोटं बोलायचं नाही असं मीच सांगत आले होते.

"मला गटातला एक माणूस आवडायला लागलाय. त्याला गट सोडू द्यायचा नाही, म्हणून मी खुर्ची सोडते. येत मात्र राहीन, तुमच्यासारखीच."

तो जमिनीकडे बघत होता आणि कानाच्या पाळ्या पुन्हा लाल झाल्या होत्या. तेवढ्यात त्याच्या आईने पदर सोडला.

"आमाला कवाचा म्हाईत हाय, बाय," ती म्हणाली. "आमचा बाला दर आयतवारी दाढी करून येतंय."

बारा माणसं एकदम हसली. त्या खोलीत इतकं हसलेलं मी सहा वर्षांत ऐकलं नव्हतं. मृणालिनीताईंनी फोन पर्समध्ये टाकला, पाठ सरळ केली आणि पहिला हुकूम सोडला की गट सुटल्यावर तो पंखा आधी सरळ करून घ्या, आम्ही तीन महिने घामाघूम बसतोय, कुणाची सांगायची हिंमत नव्हती. मग म्हणाल्या, चला, ओळख. माझा नंबर चौथा आला. मी उत्तमरावांची मुलगी, म्हटलं, आणि पहिल्यांदाच पुढे कोण बोलणार याची काळजी करायची नव्हती. मी खुर्चीत मागे टेकले. चहा आला तो गरम होता आणि मी गरमच प्यायले.

एक वाजता सगळे गेले. मृणालिनीताई त्याच्या आईला हाताला धरून खाली घेऊन गेल्या. तो स्टुलावर चढला, मी स्टूल धरलं. या वेळी तो यूट्यूबवर बघून आला होता. वायर बदलून त्याने बटण दाबलं आणि डोक्यावर भसकन वारा आला. तक्त्याचं खालचं टोक फडफडायला लागलं.

"आता तुम्हाला फोन कुठे करायचा?" त्याने वरूनच विचारलं. "तो नंबर तर ताईंकडे गेला."

मी माझा नंबर सांगितला. त्याने खाली उतरून तो मोबाइलमध्ये टाइप केला, आणि मग अंगठा तसाच वर राहिला.

"नाव काय टाकू?"

तीन महिने. त्याच्या घरात कोण कधी रडलं, कोण कधी जेवलं नाही, सगळं मला माहीत होतं. माझे बाबा कोणती गोळी घेतात ते त्याला माहीत होतं. आणि नाव दोघांनाही ठाऊक नव्हतं.

"नीलिमा," मी म्हटलं.

त्याने ते हळूहळू टाइप केलं, एकदा मनाशी म्हणून पाहिलं. "मी धर्मेश."

"असू दे. माझ्याकडे तू पंखेवाला म्हणूनच राहणार," मी म्हटलं, आणि तुम्हीचं तू झालेलं दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

तो हसला. खालून आईची हाक आली, बाला, चल रं, दिपेश जेवायचा थांबला असंल. तिने नाव घेतलं होतं. धर्मेशने स्टूल उचलून भिंतीला लावलं, पुढे होऊन माझी पर्स हातात घेतली आणि विचारलं, "येतेस? त्याला तुला बघायचंय."

मी पंखा बंद केला आणि त्याच्या मागोमाग जिना उतरले.