उश्शर्ना

झाखो गावात नदीवर जगणाऱ्या माणसाला लाकूड शिकवायला जाऊ नये. मी मिरो, तराफेवाला. वरच्या डोंगरात झाडं तोडायची, ओंडके बांधायचे आणि खाबूर नदीतून खाली आणायचे, हा आमच्या घराचा धंदा. म्हणूनच त्या शनिवारी प्रार्थनाघरात मला गप्प राहवलं नाही.

आम्हा यहुद्यांचे धर्मगुरू, हाखाम शब्तो, ग्रंथातला जुन्या अरामी भाषेतला भाग आमच्या घरगुती अरामीत सांगत होते. देशोधडीला लागलेले लोक परत येऊन मोडकं देऊळ बांधायला घेतात, तेव्हा राजाचा अंमलदार येऊन विचारतो, हे घर बांधायला आणि ही उश्शर्ना पुरी करायला तुम्हाला कोणी सांगितलं? आणि बांधणाऱ्यांची नावंही मागतो. अख्ख्या ग्रंथात तो शब्द दोनदाच येतो.

"उश्शर्ना म्हणजे भिंत," हाखाम म्हणाले.

"घर बांधलं म्हणजे भिंती आल्याच की! उरतं ते लाकूड. तुळया, दारं."

"माझ्या गुरूंनी भिंतच सांगितली, मिरो."

"तुमच्या गुरूंनी कधी कुऱ्हाड धरली होती का?"

लोक हसले, पण वर बघत हसले. छप्पर मधोमध खाली आलं होतं. जुनं दार त्या ओझ्यानं केव्हाच मोडलं होतं. आमच्या अंमलदारानं दुरुस्तीला मनाई केली होती, आणि वर हिवाळ्याआधी छप्पर झालं नाही तर तोच जागा सरकारी कोठारासाठी घेणार होता. माझं लग्न त्या छपराखाली लागलं होतं. मेलो असतो तरी ती जागा दिली नसती.

बाहेर पडताना आंधळ्या नाहूमकाकांनी माझी बाही धरली. ते आमच्यातले सर्वांत जुने तराफेवाले.

"तुझंच बरोबर आहे रे. एका घराला लागणारं सगळं लाकूड, मापात कापलेलं, म्हणजे उश्शर्ना. पण आम्ही तो शब्द नदीवर काढत नाही."

"का?"

"नदीला ते मागणं वाटतं."

"मग बरंच झालं की! अंमलदार देत नाही, नदी तरी देईल."

रविवारी भर दुपारी काठावर उभा राहून मी तो शब्द तीनदा ओरडलो. धुणं धुणाऱ्या बायका हसल्या. मलाही हसू आलं.

बुधवारी तुळया आल्या. ओंडके नव्हेत, तासलेल्या तुळया. बांधलेल्या नव्हत्या, तरी एकामागे एक, वळणावर कुठे न अडता. वरच्या गावांत कोणी पाठवल्या नव्हत्या; मी स्वतः जाऊन विचारून आलो. हात लावला तर कोरड्या ठणठणीत. वास देवदाराचा. आमच्या डोंगरात देवदार होत नाही. माप घेतलं, आमच्या छपराच्या मापाशी एका बोटाचाही फरक नव्हता.

"परत सोड हे पाण्यात," हाखाम म्हणाले.

"तुम्ही तुमची भिंत सांभाळा. मी छप्पर घालतो."

चार जण मदतीला आले. पाच दिवसांत छप्पर झालं. शेवटच्या संध्याकाळी पाण्यावरून दार आलं, चौकटीसकट, अडसर लावलेलं. नाहूमकाकांनी त्यावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"हे बसवू नकोस, मिरो."

"मग घर काय बिनदाराचं ठेवू?"

अडसर काढला आणि दार बसवलं. इतर दारांसारखंच ते उघडत होतं, मिटत होतं.

गुरुवारी सकाळी अंमलदार कुलूप आणि मोहरेची लाख घेऊन आला. आम्ही सगळे अंगणात उभे होतो. शेवटी बाहेर पडलो तो मीच, दार नुसतं लोटून.

"कोणाच्या हुकमानं बांधलंत?"

"ज्याचं घर आहे त्याच्या." मी दारासमोर उभा राहिलो.

"बाजूला हो. आत बघू दे."

त्यानं दार ढकललं. हललं नाही. त्यानं खांदा लावला. तरी नाही.

आतून अडसर लागला होता.

"आत कोण आहे?"

"कोणी नाही. सगळे इथेच आहोत, मोजून घ्या."

त्यानं मोजलं. मग दारावर मूठ आपटली. "आत जे कोणी असाल, नावं सांगा!"



मग आतून नावं येऊ लागली. सावकाश, ग्रंथातल्या अरामीत, अमक्याचा मुलगा अमका. आमच्यातलं एकही नाव नव्हतं. एक माणूस थांबला की दुसरा बोले. हाखामांनी डोळे मिटले. त्यांचे ओठ त्याच नावांवर हलत होते, ग्रंथातलं देऊळ बांधणाऱ्यांच्या.

अंमलदाराच्या हातून कुलूप पडलं. ते न उचलताच तो निघून गेला.

नावं चालूच होती.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा आमच्यातली नावं सुरू झाली. माझ्याबरोबर छपरावर चढलेले चौघे, एकेक करून. प्रत्येक जण आपलं नाव आलं की मागे सरकला. मी सरकलो नाही.

माझं नाव सर्वांत शेवटी आलं. सांगणारा आवाज माझाच होता, फक्त फार म्हातारा झालेला.