निळ्या धुराची गाडी

“भाऊ, तुमचं लग्न झालंय का?”

बोलून झालं आणि अक्षदानं जीभ चावली. गॅरेजच्या दारात तिच्या मैत्रिणी सोनल आणि रिद्धी एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. पैज त्यांचीच — घोडेगावच्या नव्या गॅरेजवाल्याला हे विचारून दाखव, तर खरी! पण सुरुवात ‘भाऊ’नं करायला कुणी सांगितलं होतं?

आदेशनं पाना खाली ठेवला. त्याचे कान लालबुंद झाले होते. “न्हाई अजून... पण गाडी त्यासाठी आणलीय व्हय?”

“गाडी धूर सोडते!” अक्षदा घाईघाईनं म्हणाली.

ती जुनी पांढरी गाडी तिच्या वडिलांची, कुशाबांची. अक्षदा तेविशीची, गाडी जवळपास तिच्याच वयाची. मागच्या आठवड्यात अक्षदानं मोबाईलवर व्हिडिओ बघत घरीच ऑइल बदललं, आणि दुसऱ्या दिवसापासून मागून निळा धूर! कुशाबांनी निकालच लावला : “पोरीनं हात लावला नि इंजिन बसलं. भंगारात देतो.” भंगारापेक्षा ‘पोरीनं हात लावला’ हेच तिला जास्त झोंबलं होतं. आज गाडी धड झाली नाही, तर घरात तिच्या शब्दाला पुन्हा कोण विचारणार?

आदेशनं मागे वाकून बघितलं. “काळा असता तर पेट्रोल जादा जळतंय. पांढरा दाट असता तर पाणी. निळा म्हंजे ऑइल जळतंय.”

“म्हणजे इंजिन... गेलं?”

“ओ, थांबा! ऑइल बदललं म्हणून लगेच जातंय व्हय?” तो हसला. गालावर ग्रीसचा पट्टा होता. तो पुसावा असं अक्षदाला वाटलं... छे, काहीतरीच!

“ऑइल भरून मोजलं कुठं?”

“अंगणात.”

“अंगण कसंय?”

डोंगरातलं गाव तिचं. अंगणात हंडासुद्धा दगडाचं टेकण लावून ठेवावा लागायचा... “अय्या, उताराचं! गाडी तिरपी होती, तेल एका बाजूला गेलं. तेल मोजायची पट्टी कोरडी दिसली, म्हणून मी आपली ओततच बसले!”

“घ्या! सापडलं तुमचं तुमालाच.” त्यानं पाना तिच्यापुढे धरला. “जादा झालंय ते काढा आता.”

“मी?”

“भरलं कुणी?”

“बघ की गं,” सोनल कुजबुजली, “हा तर आत्तापासूनच कामाला लावतोय!”

अक्षदानं गाडीखाली सरकून इंजिनखालचा बोल्ट सैल केला. तेलाची धार पडू लागली. “आणखी थोडं... बास, बास!” आदेश शेजारी वाकून म्हणाला. बोल्ट आवळताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली आणि दोघंही एकदमच “सॉरी” म्हणाले. मग सपाट फरशीवर तिनंच पट्टी काढून बघितली. तेल बरोबर दोन खुणांच्या मध्ये!

“धूर लगेच जायचा न्हाई,” आदेश म्हणाला. “सायलेन्सरमधलं साचलेलं जळू द्या. तरी थांबला नाय... तर या परत.”

धूर रोज विरळ होत गेला, आणि एका सकाळी नाहीसाच झाला. कुशाबांनी मागे हात धरून बघितला, बोटं हुंगली. आणि भंगारवाल्याचा फोन आला तेव्हा म्हणाले, “नाय द्यायची. पोरीनं नीट केलीय.”

अक्षदानं खरं तर उडीच मारायला हवी होती. पण तिचा चेहरा पडला. आता घोडेगावला जायचं तरी कशाला?

तरी ती गेली. एकटीच. पत्र्यावर पाऊस टपटपत होता.

“थांबला नाय धूर?” आदेशनं विचारलं.

“थांबला.”

“मग?”

“म्हणूनच आले... गाडी बिघडायची वाट बघत बसवेना.”

आदेशनं फडक्याला हात पुसले. “मेकॅनिकनं असं चिंतू नये... पण तो धूर थांबू नये, असं लई वाटायचं.” मग आवाज उतरला. “पण तुमच्या घरचे —”

“घरचं मी बघते. तुम्ही फक्त हो म्हणा.”

“हो की!” इतक्या घाईनं तो म्हणाला, की तिला हसूच फुटलं.

रात्री जेवताना तिनं ताट बाजूला सारलं. “आई, बाबा, लग्न करीन तर आदेशशी. घोडेगावचा गॅरेजवाला.”

कुशाबांचा घास हातातच राहिला. “पोरी, आमी बघितला नाय, पारखला नाय —”

“आन् पावणं कधी यायचे?” आई, बायडाबाई, गडबडून गेली. “घरात पोहं तरी —”

“पोहे नकोत, आई. ते आदेशकडचेच करतील. रविवारी आपण जायचं मुलगा बघायला, बाबांनी हवं ते विचारायचं. आणि गाडी मी चालवणार.”