तिरकी नळी

"मूठ आवळा. सुईकडे नका बघू, खिडकीकडे बघा."

"खिडकीत बघण्यासारखं काय आहे?" म्हणत मी सरळ त्याच्याकडेच बघितलं.

लॅबमधल्या नेहमीच्या बाई रजेवर होत्या, म्हणून हा समोर आला. कानापर्यंत लाल झाला, पण शीर पहिल्याच झटक्यात सापडली! माझ्या मोठ्या आतड्याला वर्षभर सूज. दर पंधरा दिवसांनी रक्त द्यायचं आणि आकडे बघून डॉक्टर गोळ्या ठरवणार. त्या गोळ्यांनी चेहरा डब्याच्या झाकणासारखा गोल झालेला... तरी मी रक्त द्यायला चक्क नटून जाऊ लागले. आई नुसती गालातल्या गालात हसायची.

पाचव्या खेपेला मी म्हणाले, "आज सीआरपी आणि ईएसआर, सुजेचे दोन्ही आकडे खाली आले की गोळ्या हळूहळू बंद."

"येतीलच," तो म्हणाला.

संध्याकाळी रिपोर्ट आला. सीआरपी नॉर्मल, ईएसआर मात्र विसाच्या आत हवा तर अठ्ठेचाळीस. म्हणजे पुन्हा सूज, पुन्हा गोळ्या! उशीत तोंड खुपसून मी ढसाढसा रडले. तेवढ्यात त्याचा फोन.

"उद्या परत याल? चूक माझी आहे. ईएसआरची नळी तासभर सरळ उभी ठेवायची, लाल पेशी किती खाली बसतात ते बघायचं. ती तिरकी राहिली. तिरक्या नळीत पेशी भरभर बसतात, आकडा फुगतो. डॉक्टरांनाही कळवलंय."

"तिरकी कशी राहिली?"



"नळी लावताना... तुम्ही रस्ता ओलांडत होता. मी खिडकीतून बघत होतो."

माझे डोळे अजून ओले होते, आणि मला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी तो तासभर नळीसमोरून हलला नाही. माझ्याकडे बघेल तर शपथ! मी बाकावर जीव मुठीत धरून बसले.

"चौदा," तो म्हणाला. "एकदम छान."

मी टुणकन उठले. त्याचं तोंड मात्र उतरलेलं.

"आता काय झालं?"

"काही नाही... आता पुढची तपासणी तीन महिन्यांनी. तोवर तुम्ही येणार नाही."

"आणि येईन तेव्हा चेहरा बारीक झालेला असेल. ओळखाल तरी का?"

"चालण्यावरून ओळखेन," तो पटकन म्हणाला. "पाचही वेळा जाताना बघितलंय."

आवडला होता मला हा माणूस, पहिल्या सुईपासून.

"मग आज बरोबर चला," मी म्हणाले. "किती वाजता सुटता?"