रणगाड्याचं सर्वनाम

जिंकून आणलेला रणगाडा वापरणं पूर्वी सोपं होतं. शत्रूचं चिन्ह खरवडायचं, आपलं रंगवायचं आणि आपल्याच तोफखान्यानं तो चुकून उडवू नये म्हणून देवाला हात जोडायचे. आता रणगाड्यांना मेंदू आला होता, आणि मेंदूला रंग कळत नाही. मागच्याच महिन्यात पलटणीचे काही जवान अशा एका रणगाड्यात बसले. त्यानं झाकण लावून घेतलं आणि सगळ्यांना थेट शत्रूच्या छावणीत पोचतं केलं.

आता तसाच दुसरा रणगाडा घेऊन टेकडीवरच्या ठाण्यावर चाल करायची होती, आणि आत बसायचं होतं सुभेदार शिदोजी वाघमोडे यांना. मनातून ते घाबरले होते. चेहऱ्यावर मात्र त्यांनी नुसतं अपचन दाखवलं.

रणगाड्यांच्या मेंदूचं काम पाहणाऱ्या डॉक्टर अनसूया खांबेटे यांनी त्यांना समजावलं. याच्या मेंदूत आपुलकी-मंडल असतं, म्हणजे आपलं कोण आणि परकं कोण हे ठरवणारी जागा. आत बसलेल्यांचं बोलणं ऐकत ऐकत ती भरत जाते. परक्याचं तो ऐकत नाही.

"मग जुनी आपुलकी पुसून टाका की, बाई."

"पुसता येत नाही, सुभेदार. नवी घालता येते फक्त. तुम्ही आत बसून गप्पा मारा."

गप्पांना सुभेदार कमी नव्हते. "आम्ही माणदेशी माणसं" इथून त्यांनी सुरुवात केली आणि आपुलकी-मापकाचा काटा पार तळाला गेला. शेवटी कंटाळून ते आत सोबत बसलेल्या जवानाला म्हणाले, "चल, आपण चहा घेऊ," तर काटा टुणकन वर. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. पुष्कळ भाषांना इथे एकच शब्द पुरतो, आपल्याकडे दोन. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर, 'आपण' म्हटलं की आत. आणि ऐकणारा तर रणगाडा होता.

तेव्हापासून रणगाड्यात 'आम्ही' बंद. आपण जेवलो, आपण दमलो, आपलं गाव, आपली म्हैस. 'आपली बायको' म्हणताना मात्र सुभेदार जरा अडखळले.

चाल झाली. झाकण उघडं राहिलं, हा पहिला दिलासा. टेकडीवर पोचताच ठाण्यातून तीन पोरं हात वर करून बाहेर आली आणि रणगाड्याला कसल्याशा लाडाच्या नावानं हाका मारू लागली. त्याचे जुने स्वार. सुभेदारांनी डोळे मिटून घेतले. रणगाडा पोरांकडे गेला नाही, त्यांच्यावर धडाडलाही नाही. मधोमध उभा राहून मांजरासारखा घुरघुरत राहिला. त्याच्या लेखी दोन्हीकडची माणसं घरचीच होती. कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. सुभेदारांनी पोरांना चहा दिला आणि कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेतला.

मागून कर्नल राजोपाध्ये जीपमधून उतरले. रेडिओवर मुख्यालयाला त्यांनी छाती काढून सांगितलं, "ठाणं आम्ही जिंकलं."

रणगाड्याच्या तोफेची नळी सावकाश त्यांच्याकडे वळली.

"साहेब," सुभेदार हळूच म्हणाले, "आपण म्हणा."

"मीच तर म्हणतोय."

"तसं नव्हे. 'आम्ही' नको. 'आपण' म्हणा."

"ठाणं आपण जिंकलं," साहेब दातओठ खात म्हणाले. नळी हलली नाही.

"जरा मनापासून, साहेब."

साहेबांनी नळीकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं, त्यांच्या हातातल्या कपांकडे पाहिलं आणि मऊ आवाजात पुन्हा म्हटलं. नळी खाली झुकली. सगळ्यांनाच हायसं वाटलं.

साहेबांचा आवाज आपुलकीनं मऊ झाला की भीतीनं, हे रणगाड्याला कळत नव्हतं. आणि आत बसून गप्पा मारताना आपला स्वतःचा कशानं झाला होता, हा विचार सुभेदारांनी चहा संपेपर्यंत पुढे ढकलला.