हुकमाची मेंढी

“दोन मेंढ्या यांच्या, दोन त्यांच्या. बरोबरी!” पंच उत्तमरावांनी भिंतीवरचा कागद वाचला. “नियम सात. बरोबरी झाल्यास हुकमाची मेंढी, म्हणजे दश्शी, ज्यांच्याकडे ते विजयी. हुकूम बदाम होता, त्याची दश्शी समोरच्यांकडे. उज्मा-दामिनी बाद!”

दर्यापूरच्या या मेंढीकोट स्पर्धेतली विजयी जोडी अकोल्याला जाणार होती. सुट्टी संपताच उज्मा तेल्हाऱ्याला राहायला जाणार, म्हणजे दोघींची ही शेवटचीच स्पर्धा!

उज्माला काहीच वाटेना. रडू नाही, राग नाही. समोर तिने मिळवलेली इस्पिकची दश्शी पडली होती.

“हिच्यापायी बदामाचा राजा काहून घालवला तू?” दामिनी तडकली. “तो ठेवला असता तं बदामाची मेंढी आपली होती!”

“हुकमाची पायजे होती ना? तेच घेतली.”

“हे तं इस्पिक हाय!”

“आमच्या घरी यालेच हुकूम म्हणतात,” उज्मा सपाट आवाजात म्हणाली.

दामिनीचा भाऊ गोपाल कागदाकडे धावला. “थांबा! नियम तीन पाहा. ‘ज्याच्याकडे रंग नसेल, त्याच्या पानाने तुरुप ठरेल.’ इथं डावाच्या हुकमाले तुरुप म्हटलं, मंग सातव्यात हुकूम काहून? लिवलं कोणी हे?”

“अब्दुल गफ्फारचाचांनी!” उत्तमराव म्हणाले.

चाचांचं गाद्यांचं दुकान समोरच होतं. दामिनीने उत्तमरावांना ओढतच दारापाशी नेलं. “फक्त पाहा काका, बोलू नका!” मग तिने चाचांपुढे पत्ते धरले. “चाचा, यातून हुकमाची मेंढी काढून द्या ना.”

चाचांनी क्षणात पान काढलं. इस्पिकची दश्शी!

“अहो, हुकूम बदाम होता!” उत्तमरावांना राहवेना.

“बदाम तुरुप होगा, उत्तमराव! हुकूम तो ये काला पत्ता! मले विचारायचं तं होतं!”

उत्तमराव ओशाळले. त्यांनी सगळ्यांसमोर निकाल फिरवला. “शाबास रे पोट्टेहो! आमी मोठ्यांनी एक शब्द नाही विचारला, तुमी विचारला!”

टाळ्या वाजल्या. उज्मा तशीच बसून होती, मख्ख. टाळ्या दुसऱ्याच कुणासाठी असाव्यात तशी.

दामिनी तिच्याजवळ टेकली. “तू नियम वाचून खेळली आन् मी तुले बोलली. माह्यं चुकलं.”

उज्माने पत्ते गोळा करून तिच्या हातात दिले. “पिस. अकोल्याले जायचं हाय ना?”

एवढं म्हणाली, आणि मग ती खूप रडली.