आनंदाबाईची सही

खरी गोष्ट आहे बाप्पा. मी म्हातारी एरवी मीठ-मिरची लावतो, पण ह्या गोष्टीत चिमूटभरही नाई.

मागच्या मे महिन्यातली. सिंदी रेल्वे गावातली. भर दुपारची.

माह्या बहिणीचा नातू मुकेश हिंगणघाटले राह्यते. बंद पडलेले घरं शोधाचे, घरटॅक्सच्या कागदावरून मालक हुडकाचा, त्याले पटवून घर घ्याचं... हाच त्याचा धंदा.

सिंदीत त्याले एक घर गवसलं. तीस वर्षांपासून कुलूप. कागदावर दोन नावं. बबनराव अन् त्याची बहीण आनंदाबाई.

बबनराव नागपुरात सापडला.

"काका, बहिणीचीही सही लागन."

"ते मेली."

"मंग मृत्यूचा दाखला द्या."

बबनरावनं दाराकडं बोट केलं. मंग म्हणे, "घ्याचं तं घे, नाई तं जाय!"

मुकेशनं आपल्या सवयीनं त्या घराच्या दारावर कागद चिकटवला. 'आनंदाबाई, जिथं असाल तिथून फोन करा.' खाली नंबर.

चौथ्या दिवशी फोन आला.

आधी नुसता आवाज, विळ्यानं गवत कापल्यावाणी... खच्... खच्...

मंग बाई बोलली. "मी घरीच आहो भाऊ. सही देतो. दादाले घेऊन येजो."

मुकेश खूश! "काका, बहीण जित्ती आहे तुमची!"

बबनराव पांढराफटक पडला. पण कोणाले काय माहीत झालं, हे पाह्याले संगं आला.

कुलूप जसंच्या तसं. बबनरावनंच किल्ली लावली. आत बोटभर धुरळा.

पावलाचा एक ठसा नाई...

"आनंदाबाई?" मुकेशनं हाक मारली.

त्याईच्या मांगचं दार धाडकन लागलं.

...खच्.

बबनरावचा कान खाली पडला.

दिसे कोणीच ना. दुसरा वार खांद्यावर. तिसरा तोंडावर. केसाले धरून कोणतरी त्याले चुलीकडं ओढून राह्यलं होतं. मुकेशनं त्याचा हात धरला. जोर लावला...

हातच मुकेशजवळ राह्यला.

"चुकलो व आनंदे! अर्धं घर तुहं!" बबनराव बोंबलला.

खच्.

मंग काहीच नाई.

पोलिसाईनं चुलीखाली खोदलं. बाईचे हाडं निघाले, जागोजागी कापलेले. तिले मारलं तवा मुकेश जन्मलाही नव्हता, म्हणून त्या खुनातून सुटला. बबनरावच्या खुनात अटकला. वार विळ्याचे, पण विळा सापडला नाई. मोबाइलमधे तो कॉलही नाई.

मी त्याले भेटाले जेलात गेलतो.

"तुले काऊन सोडलं रे तिनं?"

"तीस वर्षांत तिले मीच एकट्यानं विचारलं, आजी."

मंग तो माह्या खांद्यावरून पाहत राह्यला. हळूच म्हणे, "आजी... तुह्या मांगं उभी राहून ते सहीले कागद मागून राह्यली व."

मी वळून पाह्यलं नाई बाप्पा.

अजूनही पाहत नाई.